आठ पायांचा किडा

परवा भाचीचा फोन आला. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा तोंडावर. "मामा, ऑप-अ‍ॅम्पच्या दोन्ही इनपुटना व्होल्टेज सारखंच असतं म्हणतात. मग तो अ‍ॅम्प्लिफाय करतो तरी काय?"

मला एकदम माझी तोंडी परीक्षा आठवली. हाच प्रश्न मलाही विचारला होता, आणि मी 'व्हर्च्युअल ग्राउंड' एवढं पुटपुटून गप्प बसलो होतो. ७४१ च्या आठही पिना पाठ, सूत्रं पाठ... कळलेलं शून्य! तो आठ पायांचा किडा मला कळला बऱ्याच वर्षांनी, त्याचा इतिहास वाचताना. म्हणून तिला आधी गोष्टच सांगितली.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, टेलिफोनच्या तारांवर. लांबच्या कॉलसाठी वाटेत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर लावावे लागत. प्रत्येक जण आवाज वाढवायचा, आणि थोडा बिघडवायचाही. असे अनेक एकापुढे एक आले की शेवटी नुसता गोंधळ. बेल लॅबमधला हॅरॉल्ड ब्लॅक कित्येक वर्षं यावर डोकं फोडत होता. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी बोटीनं हडसन नदी ओलांडून कामावर जाताना त्याला सुचलं, की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून पुन्हा इनपुटला द्यायचा. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यानं ते मांडलं.

यात तोटा उघड होता. मोठ्या कष्टानं मिळवलेली पट घालवायची! पण उरलेली पट लहरी व्हॉल्व्हवर अवलंबून राहत नाही, ती ठरते बाहेरच्या साध्या, स्थिर रेझिस्टरांवर. हे लोकांच्या गळी उतरणं कठीण गेलं. १९२८ मध्ये अर्ज केलेलं पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मग युद्ध आलं. विमान पुढच्या काही सेकंदांत कुठे असेल हे तोफेला आधीच कळायला हवं. बेल लॅबच्या कार्ल स्वार्टझेलनं १९४१ मध्ये बेरीज करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. अशा अ‍ॅम्प्लिफायरांवर चालणाऱ्या एम-९ या यंत्रानं १९४४ मध्ये इंग्लंडवर येणारे व्ही-१ बॉम्ब पाडायला रडारच्या जोडीनं मदत केली. व्होल्टेजची बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन... म्हणजे गणिती क्रिया, म्हणजेच 'ऑपरेशन्स'! १९४७ मध्ये रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या लेखातून 'ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर' हे नाव रूढ झालं. आम्हाला वर्गात नाव सांगितलं, नावाचं कारण नाही.

पुढे फिलब्रिकच्या कंपनीचा के२-डब्ल्यू आला. दोन व्हॉल्व्ह, आणि सप्लाय चक्क अधिक-उणे ३०० व्होल्ट! १९६५ मध्ये बॉब विडलरचा ७०९ एका चिपवर आला, पण तो स्थिर ठेवायला बाहेरून कपॅसिटर वगैरे जोडावे लागत. १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागरनं ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या पोटातच घातला. तो ७४१. म्हणूनच तो माझ्यासारख्या धांदरटाच्या ब्रेडबोर्डवरही चालला!

आता भाचीचा प्रश्न. ७४१ ची स्वतःची पट साधारण दोन लाख. आउटपुटला १० व्होल्ट हवे असतील तर इनपुटांमधला फरक लागतो फक्त ५० मायक्रोव्होल्ट. म्हणजे दोन्ही इनपुट सारखे नसतात गं, जवळजवळ सारखे असतात. आणि ते आपोआप नसतात. फीडबॅकच्या वाटेनं आउटपुट सतत वरखाली होऊन तो फरक मिटवत असतो. अ‍ॅम्प्लिफाय होतो तो हा उरलेला एवढासा फरक. ब्लॅकनं 'वाया घालवलेली' पट इथेच कामाला येते.

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अगं बाई, एवढंच?"

एवढंच. पण या 'एवढंच'साठी मी कितीतरी वर्षं स्वतःला ढ समजत होतो. ब्लॅकला सुचायला सहा वर्षं लागली आणि दुनियेला पटायला आणखी दहा, हे तेव्हा माहीत असतं तर त्या तोंडी परीक्षेत निदान मान वर करून "समजलं नाही, सर" म्हणालो असतो. असो. तिला सांगून ठेवलंय, अडलं की बिनधास्त विचार, लाजू नकोस.