कापसाच्या गावात लोकर

उतरा, यवतमाळ आलं. मुर्तिजापूरहून रमतगमत निघालेली शकुंतला आगगाडी आत्ता कुठे शेवटच्या स्टेशनात धापा टाकत थांबली आहे. कॉलरवर कोळशाची काजळी बसली आहे ती झटका. साल १९६२, डिसेंबरचे दिवस. जुन्या फौजी टोप्या जमवण्याचा तुम्हाला नाद आहे ना? रशियन उशांका, ब्रिटिशांची कॅप कम्फर्टर तुमच्या कपाटात असेलही. आज पाहायची आहे ती टोपी अजून सुयांवर आहे.

बाहेर पडताच सरकी वेगळी करणाऱ्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या बंड्यांची रांग तुमची वाट अडवते. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, शेण, सरकीचा तेलकट वास, जिनाची न थांबणारी धडधड. हवेत रुई तरंगते आहे. नाकात गेली? शिंका बिनधास्त, इथे सगळेच शिंकतात. सकाळी हाडं गोठवणारा गारठा आता कुठल्या कुठे पळाला आहे आणि दुपारचं ऊन पाठीला चटके देतं आहे.

या वाड्यात शिरा. चुलीत पऱ्हाटीचं जळण तडतडतं आहे, तुरीच्या शेंगा उकडताहेत. पडवीत सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या आहेत आणि सुयांची टिकटिक चालली आहे.

“असे रिकामे काऊन उभे हा जी? हात करा समोर!”

झालं, तुमच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढली. समोरची काकू भराभर गुंडा करू लागते आणि तुम्ही डावी-उजवीकडे डुलत राहता. लोकरीला डांबराच्या गोळ्यांचा आणि थोडा मेंढीचा वास आहे. मनगटं खाजताहेत, पण हात सोडायची सोय नाही. “तिकडं पोट्ट्यांचे कान गारठून रायले असतील,” म्हातारी आजी पुटपुटते. हिमालयात चीनशी आपले जवान सुती कपड्यांत, कॅनव्हासच्या बुटांत लढले, हे ऐकल्यापासून देशभर घरोघरी सुया बाहेर निघाल्या आहेत. या आजीने बर्फ पाहिलाय तो जत्रेत, गोळेवाल्याकडे, लाकडाच्या भुशात पुरलेला.

आता नीट बघा, संग्राहकाने बघावं असंच आहे. टाके तीन सुयांवर, चौथीने विणायचं. सुरुवात मानेपासून, दोन सुलट, दोन उलट, म्हणजे वीण ताणते आणि पुन्हा अंगासरशी बसते. हनुवटीपाशी पुढचे टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे, तिथे चेहऱ्याची खिडकी होते. शेंड्याला गोंडा नाही, कारण वर पोलादी टोप चढवायचा असतो. एका नवख्या पोरीने हौसेने गोंडा लावला होता. काकूने तो हळूच कापला आणि पोरीच्या हातात दिला.

माप हवं म्हणून टोपी तुमच्याच डोक्यावर येते. ओढा खाली, अजून. कान बंद, जिनाची धडधड एकदम दूर गेली. तोंडात लोकरीचा तंतू, गालांना टोचणारी ऊब, श्वासाने ओली होणारी हनुवटी, कपाळावर घामाची धार. बायका पदर तोंडाला लावून हसताहेत. कोपऱ्यातला रेडिओ तापून घरघरतो, बातम्या लागतात आणि सगळं हसू थांबतं. सुया मात्र चालूच.

टोपी काढा, शेंगा खा, परत फिरू.

जुन्या सरकारी मालावर बाणाची खूण, साल, कारखान्याचं नाव सापडतं आणि बाजारात त्याच्यावर भाव ठरतो. या टोपीवर काहीच नाही. मानेशी वीण घट्ट, कानांवर सैल, कारण मधे कुणीतरी दुसरीने सुया हाती घेतल्या होत्या. माझ्या मते कुठल्याही शिक्क्याच्या टोपीपेक्षा ही मोलाची.

तुमच्या घरच्या ट्रंकेत पाठवायची राहून गेलेली अशी एखादी कानटोपी निघाली, तर गरम पाण्यात बुडवू नका, लोकर आटते. दोरीवर टांगू नका, सपाट वाळवा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. आणि घरात कुणी वडीलधारी असेल, तर कुणी विणली, लोकर कुठून आणली, हे आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती टोपीतच ठेवा.