मालकी कागदावर, बांबू जंगलात

बीकॉमवाल्या मंडळींना विचारा, पुढच्या पातळीचं अकाउंटिंग शिकताना डोकं कुठे अडलं? बहुतेक जण घसारा म्हणतील, कुणी लीज म्हणेल. मला विचाराल तर खरी अडचण 'मालमत्ता म्हणजे काय' या बाळबोध प्रश्नात आहे. आपल्या सीएंच्या संस्थेने २००० साली जी चौकट काढली, तिच्यातल्या व्याख्येचा रोख नीट बघा. मालकीवर तो नाहीच, आहे तो नियंत्रणावर. वस्तू तुमच्या ताब्यात हवी आणि तिच्यापासून पुढे फायदा मिळायला हवा. (आपल्या भाषेत: फोल्डर तुमच्या नावावर, पण राइट परमिशन अ‍ॅडमिनकडे. मग बसा बघत!)

पुस्तकात याला कारखान्यांची आणि यंत्रांची उदाहरणं देतात. मला त्यापेक्षा मेंढा (लेखा) जास्त पटतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं हे छोटंसं गोंड गाव. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा ऐकली असेल, ती इथलीच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही कानावर आली असतील. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, ही या गावाची जुनी रीत.

या भागातला बांबू कित्येक दशकं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे लीजवर जात होता. मग २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने गौण वनोपजाची मालकी दिली, विकायचा हक्कही दिला, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट लिहिलेला होता.

झालं तर मग? कुठलं झालं! १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हे 'झाड' होतं. झाड तोडलं की ते 'इमारती लाकूड', आणि लाकूड जंगलाबाहेर न्यायचं तर वाहतूक पास हवा. पास वनखात्याकडे, आणि खातं देईना. एकाच गवताला (हो, बांबू हे शास्त्रानुसार गवतच!) दोन कायद्यांत दोन जाती. गाव मालक, पण ट्रक हलत नाही.

आता हिशेबाच्या वहीत काय लिहाल? हक्काचा कागद आहे, पण विक्री करता येत नाही, म्हणजे फायद्यावर ताबा नाही. कडक परीक्षक असेल तर २००९ च्या ताळेबंदात हा बांबू दाखवूच देणार नाही.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की बांबू गौण वनोपज धरा. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः गावात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. माझ्या मते मालमत्ता जन्माला आली ती त्या दिवशी. कारकुनी वाटणाऱ्या त्या पुस्तकानंतर विक्री कोटीच्या घरात गेली. (चंद्रपूर-गडचिरोलीसाठी वेगळं गोंडवाना विद्यापीठ झालं तेही २०११ मध्येच. तिथल्या कॉमर्सच्या पोरांना याहून जवळचं उदाहरण कुठे मिळणार?)

२०१२ च्या सुधारित नियमांनी पास देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे दिलं. १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघायला मात्र २०१७ उजाडलं. नव्वद वर्षं!

पैसा आला की हिशेब आला. ठेकेदाराने आगाऊ दिलेली रक्कम उत्पन्न नव्हे, माल पोचेपर्यंत ते देणं असतं. तेंदूपत्ता विकला तर खरेदीदाराकडून आयकर गोळा करून सरकारजमा करायचा, म्हणजे पॅन आणि टॅन आलं. पुण्यामुंबईत यासाठी आपण सीए गाठतो. इथे ग्रामसभेला ते समजून घेऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं.

एक प्रश्न अजून मला सुटलेला नाही. शेतीच्या लेखामानकात, म्हणजे इंड एएस ४१ मध्ये, उभ्या पिकाचं आणि लावलेल्या वनाचं मूल्य धरता येतं, पण आपोआप वाढलेल्या जंगलातून नुसती तोड केली तर ती शेती नव्हे. मेंढा कंपनी नाही, त्यामुळे हे मानक तिला लागू नाहीच. पण समजा असतं, तर? लोक जंगल राखतात, तोड ठरवून करतात. आणि हा बांबू कित्येक वर्षांनी एकदा फुलतो आणि फुलला की मरतो. त्याचा घसारा कसा काढणार? कुणी सीए वाचत असेल तर सांगा.