नाथांचे अद्वैत आणि कणांची परस्परबद्धता

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातून देवगिरी, पैठण आणि नेवासे ही तिन्ही ठिकाणे एका दिवसाच्या टप्प्यात आहेत, आणि चराचर एकच आहे या अद्वैत विचाराला मराठीत ग्रंथरूप मिळाले ते मुख्यतः याच टापूत. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ ही गीतेवरील टीका सांगितली आणि पुढे ‘अमृतानुभव’ या स्वतंत्र ग्रंथात शिव व शक्ती ही दोन भासली तरी एकावाचून दुसऱ्याला अस्तित्व नाही, असे प्रतिपादन केले. पैठणचे एकनाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी शिकले आणि १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. रामेश्वराला न्यायची गंगा तहानेल्या गाढवाला पाजणारे, गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल कडेवर घेणारे नाथ आख्यायिकांनी जपले, कारण या अद्वैताची कसोटी आचरण हीच होती.

या विचाराला आता भौतिकीचा दाखला मिळाला, असे क्वांटम एंटँगलमेंटच्या, म्हणजे कणांच्या परस्परबद्धतेच्या, आधारे अनेकदा सांगितले जाते. परस्परबद्ध कणांची अवस्था जोडीची मिळून असते, त्यातल्या एकट्या कणाची स्वतंत्र पूर्ण अवस्था सांगता येत नाही. १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी याच कारणाने क्वांटम सिद्धांत अपूर्ण ठरवला. कणांनी आधीच उत्तरे ठरवून घेतली असतील आणि दूरचा परिणाम तत्क्षणी पोचत नसेल, तर त्यांच्या मापनांतील मेळ किती असू शकेल, याची मर्यादा जॉन बेल यांनी १९६४ साली काढली. प्रयोगांत ती ओलांडली गेली, तरीही या मार्गाने संदेश मात्र पाठवता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी १९९१ साली अनेक कणांच्या समूहासाठी अशा मर्यादा मांडल्या, ही या इतिहासातील अभिमानाची नोंद आहे.

परंतु दोन कण पूर्णपणे परस्परबद्ध असले, तर त्यांपैकी कोणताही तिसऱ्याशी तसा बांधला जाऊ शकत नाही, हाही त्याच सिद्धांताचा निष्कर्ष आहे, आणि सर्व काही सर्वांशी सारखेच जोडलेले आहे या अर्थाला तो सरळ छेद देतो. म्हणून नाथांच्या करुणेला या गणिताचा टेकू देणे दोहोंवर अन्याय करणारे आहे. प्रत्यक्ष यंत्रांतही हाच छेद दिसतो: ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा संस्था आणि पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळा यांनी चाचणी पूर्ण केलेला सहा क्युबिटांचा, म्हणजे क्वांटम माहितीच्या सहा एककांचा, प्रोसेसर अतिवाहक मंडलांचा आहे, आणि असे प्रोसेसर निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत ठेवावे लागतात, कारण भोवतालाशी संबंध जडताच क्युबिटांची आपसातील परस्परबद्धता नाहीशी होऊ लागते.