मद्यपानाचे वय आणि वडीलधाऱ्यांचे मौन

आपल्या मंडळाच्या शिक्षण-निधीच्या साहाय्याने ज्ञातीतील मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या, तशीच अमेरिकेच्याही विद्यापीठांत शिकत आहेत, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. परंतु घर सोडून गेलेल्या मुलापुढे पुस्तकाबरोबर मद्याचा पेलाही येतो, हे विसरून चालणार नाही. तरुणांस मद्यापासून दूर ठेवण्यासाठी अमेरिकेने जे कायदे केले, त्यांचा इतिहास पालकांनी समजून घ्यावा, या हेतूने हा अल्प प्रयत्न आहे.

त्या देशात १९२० साली संपूर्ण दारूबंदी झाली व डिसेंबर १९३३ मध्ये ती उठली. त्यानंतर मद्यविषयक नियम करण्याचा अधिकार संस्थानांकडे आला आणि बहुतेकांनी एकवीस वर्षांची मर्यादा घातली. पुढे व्हिएतनामच्या युद्धकाळात प्रश्न निघाला की, अठराव्या वर्षी ज्याला रणांगणावर धाडता, त्याला मत का नसावे? १९७१ च्या घटनादुरुस्तीने मताधिकार अठराव्या वर्षी मिळाला; आणि त्याच न्यायाने, १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत एकोणतीस संस्थानांनी मद्यपानाचे वयही खाली आणले.

त्याचे फळ रस्त्यांवर दिसले. तरुणांचे मोटार-अपघात वाढले. शेजारच्या संस्थानात वय कमी असले की मुले सीमा ओलांडून पिण्यास जात आणि परतताना प्राण गमावीत. अशा सीमांना ‘रक्ताच्या सीमा’ असे नावच पडले. १९८० साली कॅलिफोर्नियातील एका मातेने, आपली तेरा वर्षांची मुलगी मद्यपी चालकाच्या मोटारीने चिरडल्यावर, मातांची चळवळ उभारली. जुलै १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांची मर्यादा न घालणाऱ्या संस्थानाचे हमरस्त्यांचे अनुदान कापले जाईल, अशी त्यात तरतूद होती. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९८८ पर्यंत सर्व संस्थानांनी तो मानला. रस्त्यांवरील तरुणांचे मृत्यू घटले. हे यश लहान नव्हे.

परंतु वसतिगृहांत काय झाले? १९९३ साली हार्वर्डचे संशोधक वेक्सलर यांनी १४० महाविद्यालयांची पाहणी केली. मुलाने एका बैठकीत पाच वा मुलीने चार पेले घेणे, हे त्यांचे बेताल मद्यपानाचे माप. आदल्या पंधरवड्यात ४४ टक्के विद्यार्थ्यांनी तितके मद्य घेतले होते! १९९९ सालीही आकडा तोच निघाला. २००८ मध्ये शंभरांहून अधिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी, चोरून पिणे वाढते म्हणून वयोमर्यादेचा फेरविचार करावा, असे निवेदन काढले. पण कायदा बदलला नाही. कायद्याने प्राण वाचले, सवय मात्र सुटली नाही, असाच याचा अर्थ.

आपल्याकडील कायदा तर याहून कडक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या परंपरेने महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस वर्षे पुरी लागतात, वर परवानाही लागतो. तरीही मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले आणि मद्य पिऊन ती चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला.

प्रस्तुत लेखकही या बाबतीत निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका लग्नात मांडवामागे कॉलेजची मुले बाटली घेऊन बसलेली मी पाहिली. त्यांतील दोघे माझे विद्यार्थी. मंगलकार्यात वाद नको, म्हणून मी तोंड फिरविले. तासाभराने त्यांतलाच एक वऱ्हाडाची मोटार घेऊन निघाला. आत लहान मुले होती. देवदयेने ती सुखरूप पोहोचली. पण चाळीस वर्षे शिक्षकी करून त्या रात्री मला एक शब्द बोलवला नाही, याची खंत अद्याप गेलेली नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस माझी नम्र सूचना आहे. मुलास वसतिगृहात पोहोचविण्यापूर्वी आईवडिलांनी या विषयावर त्याच्याशी संकोच न धरता बोलावे. आणि आपल्या कार्यांत मद्य घेतलेल्याच्या हातून मोटारीची किल्ली काढून घेण्याचे काम वडीलधाऱ्यांनी करावे. त्याने थोडा राग आला तरी चालेल. तो राग निवतो. गेलेले मूल परत येत नाही.