जुन्या कॉम्प्युटर गेम्सची कव्हरचित्रं आजही का आठवतात?

सोशल मीडियावर एखाद्या जुन्या गेमच्या कव्हरचा फोटो आला की खाली 'हा माझ्याकडे होता' अशा कमेंट पडू लागतात. खेळापेक्षा त्याचं चित्र जास्त लक्षात का राहतं? कारण त्या काळच्या यंत्रांत दडलंय.

पुण्याचा स्पेक्ट्रम

२३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. तो टीव्हीला जोडायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून त्यात गेम चढवायचा. पुढे १९८८ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' भारतात विकायला सुरुवात केली.

चित्र एवढं भव्य का असायचं?

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. रंग १५, पण ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत फक्त दोनच. एवढ्यात नायकाचा चेहरा काय दिसणार? ती उणीव कव्हर भरून काढायचं. ओशन कंपनीसाठी बॉब वेकलिन हातानं रंगवून कव्हरं करत. 'क्रॅश' या मासिकाची मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्रे यांनी गाजवली.

शिवाय ४८ केबीचा गेम चढायला चार-पाच मिनिटं लागायची. टेप किरकिरत असताना हातात कॅसेटचं कव्हर असायचं. पडद्यावरच्या ठिपक्यांचं काय समजायचं, हे त्या वेळात ठरून जायचं.

मग आपल्याकडे चित्रं का उरली नाहीत?

गेम साध्या ऑडिओ कॅसेटवर असल्यानं डबल डेकवर त्याची नक्कल सहज व्हायची. आवाज उतरायचा, चित्र मूळ डबीतच राहायचं. नकलेवर फक्त पेनानं लिहिलेलं नाव.

नव्वदच्या दशकात टीव्ही व्हिडिओ गेम आले. त्यातले बरेचसे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (१९८३) नक्कल होते. आमगावसारख्या, तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या गावांत घरी संगणक ही दुर्मीळ गोष्ट. तिथल्या अनेकांसाठी 'गेम' म्हणजे हीच कॅसेट. तिच्या स्टिकरवर एक नायक आणि आत दुसराच, हे नेहमीचं. '९९९९ इन १' मध्ये तेच मोजके गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होत पुन्हा पुन्हा यायचे. तरी दुकानात निवड व्हायची ती स्टिकर पाहूनच.

घरात काही सापडलं तर?

• कव्हर, स्टिकर, खोका आणि माहितीपुस्तिका टाकू नका. ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा.
• कागद डबीतून अलगद काढा. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा सुटत नाही.
• टेपचा आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये साठवा, एमपी३ मध्ये नको. एमपी३ मध्ये आवाजाचा काही भाग गळतो आणि गेम न चालण्याची शक्यता असते.
• कॅसेट ऊन, ओल आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा.

ब्रिटिश गेम्सची कव्हरं 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम'सारख्या संग्रहांत हजारोंनी जमा झाली आहेत. ती चाहत्यांनी आपापल्या घरातून स्कॅन करून पाठवली. पुण्याच्या डीबी स्पेक्ट्रमचा खोका किंवा भारतात छापलेलं एखादं स्टिकर कुणाच्या माळ्यावर असेल, तर त्याचा स्कॅनही तिथं हवा. कागद विरला की ते चित्र पुन्हा मिळणार नाही.