मरळ : घरटे, वीण व संगोपन

मरळ : गोड्या पाण्यातील शिकारी मासा. कुल चॅनिडी, शास्त्रीय नाव चॅना स्ट्रायाटा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७९३ मध्ये त्याचे वर्णन केले. नांदेड व लातूर जिल्ह्यांत गोदावरी, मांजरा या नद्यांत, विष्णुपुरीसारख्या जलाशयांत आणि गावतळ्यांत तो आढळतो. अंग लांबट व गोलसर, डोके सापासारखे. लांबी १ मी. पर्यंत. काटे कमी असल्याने बाजारात त्याला चांगली मागणी असते. शेजारच्या तेलंगणाचा तो राज्यमासा आहे.

श्वसन : कल्ल्यांच्या वर असलेल्या कप्प्यांमुळे मरळ पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते. त्यामुळे साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती राहते आणि विणीसाठीही असाच उथळ काठ निवडते.

घरटे : मुख्य हंगाम पावसाळा. जोडी काठावरच्या पाणगवतात शेपटी व तोंडाने झाडोरा बाजूला सारून गोलाकार मोकळी जागा करते. तेच घरटे. मत्स्यालयांत पाळला जाणारा फायटर (बेट्टा) हा मरळीचा दूरचा नातलग. त्याची अंडी पाण्यात बुडतात. म्हणून नर लाळेच्या बुडबुड्यांचे तरंगते घरटे बांधतो आणि खाली पडणारी अंडी तोंडात धरून त्यात ठेवतो. मरळीच्या अंड्यात तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ती आपोआप तरंगतात. तिला बांधकामाची गरज नाही; अंडी वाहून जाऊ नयेत म्हणून भोवती गवताचे कुंपण असले की पुरते.

वीण : नर मादीभोवती अंगाचा विळखा घालतो, मादी अंडी सोडते व त्यांचे फलन पाण्यातच होते. पिवळसर अंडी पृष्ठभागावर पसरतात आणि उबदार पाण्यात साधारण एक-दीड दिवसात फुटतात.

संगोपन : नर-मादी घरट्याखाली राखण करतात. लालसर-नारिंगी पिले दाट पुंजक्याने फिरतात व पालक त्यांच्या खालून पोहतात. पुंजक्याजवळ गळ पडला, तर पालक त्यावर झेप घेतो आणि सहज सापडतो. तो गेला की पिले इतर माशांच्या व बेडकांच्या तोंडी पडतात. पिलांच्या आकारात फरक पडला, तर मोठी पिले लहानांना खातात. मत्स्यशेतीत म्हणूनच त्यांना आकारानुसार वेगळे करावे लागते.

संवर्धन : २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळात मरळ ओल्या गाळात काही काळ तग धरते. तिच्या विणीला मात्र गवताळ, उथळ पाणी लागतेच. तलावातील गाळ काढताना काठाचा काही भाग झाडोऱ्यासह राखणे आणि पिलांसोबत फिरणारी जोडी न पकडणे, हे तिचे बीज टिकवण्याचे सर्वांत सोपे उपाय आहेत.