शिध्याबरोबर आलेलीं पदकें

सैन्याच्या दोन भाषा असतात. एक हुकुमाची, दुसरी तंबूंतली. हुकुमाच्या भाषेंत पदक हें शौर्याचें चिन्ह असतें. तंबूंतल्या भाषेंत तें कधीं कधीं ‘शिध्याबरोबर आलेलें’ असतें. हा इंग्रज शिपायांचा वाक्प्रचार. शिध्याच्या गाडींतूनच पदकें आलीं आणि हात पुढें करील त्याला मिळालीं, हा त्याचा भावार्थ. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन शिपाई, गळ्यांत घालावयाच्या क्रुसाची हांव धरणाऱ्या अधिकाऱ्याचा ‘घसा दुखतो’ असें म्हणत.

या थट्टेमागील तक्रार जुनी आहे. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं, १६ जुलै १८५७ रोजीं, कानपूरच्या लढाईंत जनरल हॅवलॉक यांचा पुत्र ६४ व्या पलटणीपुढें घोडा घालून तोफेवर चालून गेला. तो बापाचाच एडिकाँप होता. बापानें शिफारस केली आणि मुलाला क्रॉस मिळाला. परंतु पलटणीचा मेजर स्टर्लिंग त्या वेळीं स्वतः आघाडीवर होता. मुलाच्या गौरवानें आपल्या मेजरला कमीपणा येतो, अशी तक्रार पलटणीच्या अधिकाऱ्यांनीं सरसेनापति कॅंपबेल यांजकडे केली, आणि ती त्यांना पटली.

याच मोहिमेंत उलट उदाहरणही घडलें, आणि त्याचा नायक खानदेशाला परिचित आहे. आज नंदुरबार जिल्ह्यांत असलेलें धानोरा ज्या खानदेशांत मोडे, त्याच खानदेशांत जेम्स औट्रम यानें १८२५ सालीं भिल्लांची पलटण उभारली. लखनौच्या वाटेवर हाच औट्रम, अधिकारानें वरिष्ठ असूनही, सेनापतित्व हॅवलॉककडे ठेवून स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाला. स्वारांनीं मतें देऊन क्रॉससाठीं त्याचीच निवड केली. आपण त्यांचे सेनापति, सबब आपण पात्र नाहीं, असें सांगून त्यानें ती नाकारली. सिंधची लढाई अन्यायाची वाटल्यामुळें १८४३ मधील लुटीचा आपला वाटाही त्यानें धर्मादाय दिला होता.

औट्रमला नाकारतां तरी आलें. त्याच्या भिल्ल शिपायांना तेवढीही मुभा नव्हती. हिंदी शिपायाला १८३७ पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळे, परंतु व्हिक्टोरिया क्रॉसचें दार १९११ पर्यंत बंदच होतें. पहिल्या महायुद्धानंतरही लढणाऱ्यांस चांदीचें युद्धपदक, तर हिंदी मजूरपलटणींस तेंच कांशाचें मिळालें.

शिध्याबरोबर आलेल्या पदकांची थट्टा शिपायांनीं पुष्कळ केली. शिधा वाहून नेणाऱ्यांच्या वाट्याला काय आलें, हें मात्र त्या थट्टेंत कोठेंच येत नाहीं.